गावाचे दप्तर : ठेवायचे काय, टाकायचे काय?

तुमच्या शाळेतले सर्वांत महत्त्वाचे पुस्तक कोणते, असे विचारले तर कोणी शब्दकोशाचे नाव घेईल, कोणी विश्वकोशाचे. आमच्या मते ते पुस्तक ग्रंथालयात नसून मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात असते. दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजेच आपले जनरल रजिस्टर. मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात, शाळेत कधी आला, कधी सोडून गेला. एका मुलासाठी एक ओळ. ती लिहिताना फार तर पाच मिनिटे लागतात. पण तिची गरज साठ-सत्तर वर्षांनीही पडू शकते आणि त्या वेळी लिहिणारा शिक्षक हयात असेलच असे नाही.

याचा अनुभव महाराष्ट्राने अलीकडेच घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. सुरुवातीला मराठवाड्यापुरते असलेले तिचे काम पुढे सर्व राज्यात सुरू झाले. शाळांची जुनी रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या नोंदी, महसुली कागद असे सारे काही उघडले गेले. पुष्कळ नोंदी मोडी लिपीत असल्याने मोडी वाचणारे शोधावे लागले. त्या मागणीचा विचार करणे हा या लेखाचा विषय नाही. आपल्याला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की, एखाद्या कुटुंबाचे पुढचे दिवस कधी कधी कपाटातल्या एका ओळीवर अवलंबून असतात. ती ओळ सापडली तर पुरावा, नाही तर नुसते बोलणे.

मग अशी ओळ शंभर वर्षे टिकावी आणि हवी तेव्हा सापडावी, यासाठी काय करावे लागते? हे एक शास्त्र आहे. त्याला अभिलेख व्यवस्थापन म्हणतात. त्यात थोडा इतिहास आहे, थोडा कायदा आहे आणि बरेचसे रसायनशास्त्र आहे. ते समजून घेण्यासाठी पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे हे दोन तालुके फार सोयीचे आहेत.

सचिवांचा मुलूख

आधी शब्द पाहू. मुलांच्या पाठीवर असते ते दप्तर आणि कचेरीत असते तेही दप्तर. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि त्याचे मूळ ग्रीक भाषेतील ‘कातडे’ या अर्थाच्या शब्दात आहे, कारण एके काळी लिखाण कातड्यावर होत असे. (घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाला डिप्थेरिया म्हणतात, तेही याच मुळावरून.) आपल्याकडे कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवत. त्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद आजही रुमालांच्या हिशेबाने सांगितले जातात.

भोरचे संस्थानिक होते पंतसचिव. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांमध्ये सचिव किंवा सुरनीस हे पद होते आणि राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, ते अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते. राजपत्रांतला मजकूर तपासणे, अधिक-उणे दुरुस्त करणे आणि मुलुखाच्या हिशेबावर नजर ठेवणे हे सचिवाचे काम. पुढे राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायण यांच्याकडे आले आणि त्यांच्या घराण्याकडे भोरचा मुलूख राहिला. म्हणजे कागद तपासणाऱ्या पदावरूनच या संस्थानच्या धन्यांना नाव मिळाले. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

या संस्थानचे पाच तालुके होते : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवन मावळ आणि सुधागड. विचित्रगड म्हणजे भोरजवळचा रोहिडा. प्रचंडगड म्हणजे तोरणा. तोरणा आणि राजगड हे दोन्ही किल्ले आज वेल्हे तालुक्यात आहेत. पवन मावळ आज मावळ तालुक्यात आहे आणि सुधागड तर रायगड जिल्ह्यात. त्यात वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे जुन्या कागदांवरचे एक नाव पुन्हा नव्या कागदांवर आले, पण दोन्ही नावांखालचा मुलूख मात्र एकच नाही. कागद शोधणाऱ्याने हे ध्यानात ठेवले नाही तर तो चुकीच्या रुमालात शोधत बसेल.

कागद कोणाचा?

येथे अभिलेखशास्त्राचा पहिला नियम येतो. समजा, आपल्यासमोर भोर संस्थानच्या जुन्या कागदांचा ढीग आहे आणि तो नीट लावायचा आहे. सहज सुचणारी युक्ती अशी : आजच्या तालुक्यांप्रमाणे वाटे करावेत. भोरचे भोरला, सुधागडचे रायगडला. किंवा विषयाप्रमाणे लावावेत : जमीन, देवस्थान, शाळा, जंगल. ग्रंथालयात पुस्तके विषयवारच लावतात, मग कागद का नकोत?

कारण कागद पुस्तकासारखा स्वतंत्र नसतो. त्याचा अर्थ शेजारच्या कागदात असतो. आपल्या परिचयाचा सातबारा घ्या. मुंबई इलाख्यातील गावपातळीवरचे हिशेब अँडरसन या अधिकाऱ्याच्या मॅन्युअलने एका पद्धतीत बसवले. त्यातील गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र छापले जातात, म्हणून सात-बारा. पण सातबारावर फक्त शेवटचे चित्र दिसते : जमीन कोणाची, किती, पीक कोणते. ती अमक्याच्या नावावर का झाली, विकत घेतली, वारसाने आली की वाटणीत, हे कळते गाव नमुना ६ मधून, म्हणजे फेरफार नोंदवहीतून. सातबारावर फेरफाराचे फक्त क्रमांक असतात. फेरफार नोंदवही हरवली तर सातबारा मुका होतो.

म्हणून नियम असा की, कागद ज्या कचेरीत, ज्या कामातून तयार झाले, तिच्या नावाने ते एकत्र ठेवायचे आणि तिने लावलेला मूळ क्रम मोडायचा नाही. फ्रान्समध्ये १८४१ साली सरकारी सूचनेने ही पद्धत सुरू झाली. १८९८ साली म्युलर, फाइथ आणि फ्रॉइन या तीन डच अभिलेखपालांनी आपल्या पुस्तकात तिची नीट मांडणी केली. आज जगभरची अभिलेखागारे तोच नियम पाळतात. भोरच्या उदाहरणात त्याचा अर्थ असा : सीमा कितीही बदलल्या तरी संस्थानचे दप्तर हे एक दप्तर. आजचे गाव, आजचा तालुका, आजचा जिल्हा हे सारे सूचीत लिहावे. कागद हलवू नये, सूची कितीही वाढवावी.

शोधणाऱ्यानेही प्रश्न उलटा विचारावा. ‘माझ्या गावाचे कागद कोठे आहेत?’ याऐवजी ‘त्या वर्षी हे काम कोणती कचेरी करत होती?’ असे विचारावे. भाटघरचे उदाहरण पाहा. वेळवंडी नदीवरचे आजचे भाटघर धरण १९२० च्या दशकात पूर्ण झाले. धरण बांधणारे मुंबई सरकारचे खाते, तर मुलूख भोर संस्थानचा. तेव्हाच्या एखाद्या व्यवहाराचा माग काढायचा तर दोन निरनिराळ्या सरकारांच्या कागदांचा विचार करावा लागेल. शाळांचेही तसेच. पुणे जिल्हा परिषद १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आली. त्याआधीच्या शाळेचे कागद जिल्हा परिषदेच्या नावाने असतीलच कसे?

सगळेच ठेवायचे का?

नाही. हे पुष्कळांना पटत नाही. जुने ते सगळे मोलाचे असे वाटून आपण सगळेच साठवतो आणि एक दिवस जागा उरली नाही की एका सपाट्यात सगळेच रद्दीला देतो. दोन्ही गोष्टी घातकच. चहाच्या बिलाखाली गाडलेली फेरफार नोंदवही हरवल्यासारखीच असते.

यासाठी आपल्या सरकारी कचेऱ्यांत कागदांचे वर्ग ठरवलेले आहेत. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे. ‘ब’ वर्गाचे ३० वर्षे, ‘क-१’ चे १० वर्षे, ‘क’ चे ५ वर्षे आणि ‘ड’ वर्गाचे एक वर्ष. कोणता कागद कोणत्या वर्गात, याच्या याद्या असतात. काम संपले की फाइलवर वर्ग लिहायचा. म्हणजे ठेवायचे की टाकायचे हे त्या दिवशीच्या लहरीवर राहत नाही.

टेबलावरच्या कागदांसाठी सहा गठ्ठे पद्धत आहे. पहिला गठ्ठा काम चालू असलेल्या प्रकरणांचा. दुसरा, ज्यांच्या उत्तराची वाट पाहायची आहे त्यांचा. तिसरा ठरावीक मुदतीने पाठवायच्या नियतकालिक माहितीपत्रकांचा. चौथा कायमच्या आदेशांचा. पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या प्रकरणांचा आणि सहावा मुदतीनंतर नष्ट करायच्या ‘ड’ कागदांचा. पद्धत साधी आहे, पण तिच्यात मोठे शहाणपण आहे. कागद जन्मतो, कामाला येतो, म्हातारा होतो आणि मग एक तर अभिलेखागारात जातो किंवा नष्ट होतो. त्याचे वय पाहून त्याची जागा बदलायची, एवढेच.

याला कायद्याचा आधारही आहे. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. केंद्राच्या कायद्यात नियम सोडून अभिलेख नष्ट करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. माहिती अधिकाराचा कायदा २००५ साली आला. त्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर पहिली जबाबदारी टाकली आहे ती अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याची. उघडच आहे. कागदच सापडत नसेल तर माहिती मागण्याचा हक्क असून उपयोग काय?

जुना टिकतो, नवा तुटतो

आता विज्ञानाकडे वळू. अडीचशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद हातात घेतला तर पुष्कळदा तो मऊ आणि चिवट लागतो. याउलट साठ वर्षांपूर्वीचे छापील रजिस्टर उघडताना पानाचा कोपरा हातात येतो. असे का?

कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांबच लांब साखळी. साखळ्या लांब असतील तोवर कागद चिवट. जुन्नर, दौलताबादजवळचे कागजीपुरा अशा ठिकाणी हाताने बनवला जाणारा कागद चिंध्या आणि तागासारख्या तंतूंचा असे. त्याला खळ लावून दगडाने घोटत. त्यात आम्ल फारसे नसे. शाई काजळी आणि डिंकाची. काजळी म्हणजे कार्बन, जो हवेने वा उजेडाने बदलत नाही आणि कागदालाही इजा करत नाही.

एकोणिसाव्या शतकात कागद यंत्रावर बनू लागला. शाई पसरू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी घालू लागले. शतकाच्या मध्यानंतर लाकडाचा लगदा आला. त्याबरोबर लिग्निन आले, ज्याच्यामुळे वर्तमानपत्र उन्हात पिवळे पडते. तुरटीतून कागदात आम्ल तयार होते. हे आम्ल दमटपणाच्या मदतीने सेल्युलोजची साखळी मधेच तोडते. वाईट गोष्ट अशी की, या क्रियेत आम्ल उत्प्रेरकाचे काम करते. ते संपत नाही. एक कडी तोडून पुढच्या कडीकडे वळते. अमेरिकेतील विल्यम बॅरो यांनी १९५० च्या दशकात जुन्या पुस्तकांच्या चाचण्या करून कागद ठिसूळ होण्यामागे आम्लाचा किती हात आहे हे दाखवून दिले. उपायही त्यातूनच निघाला : सौम्य अल्कली. चुन्याच्या निवळीतील कॅल्शियम हायड्रॉक्साइड आम्ल मारते आणि थोडे कॅल्शियम कार्बोनेट कागदात शिल्लक ठेवते, जे पुढे तयार होणाऱ्या आम्लालाही आवरते. मात्र हे काम प्रशिक्षित माणसाचे. शाई पाण्यात विरघळणारी असेल तर उपाय करता करता नोंदच धुऊन जायची.

पावसाळा हाच मोठा शत्रू

काजळीची शाई काळाला दाद देत नाही, पण तिचा डिंक पाण्याला दाद देतो. भोर-वेल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कड्यालगत आहे आणि तेथे पावसाळ्यात आठवडे न् आठवडे ऊन दिसत नाही. कागद हवेतले पाणी शोषतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला रान मोकळे मिळते. मग कसर आणि वाळवी येतातच.

यावर वातानुकूलित दालनच हवे असे नाही. कपाट भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर दूर असावे. ते गळक्या बाजूला नसावे. कोरड्या दिवशी खिडक्या उघडाव्यात, दमट दिवशी बंद ठेवाव्यात. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत, कारण आतला दमटपणा आतच राहतो. जुन्या लोकांचा रुमाल येथे शास्त्राला धरून होता : सुती कापडाने धूळ अडते आणि हवा खेळते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन अक्षरांवर डाग पाडतो. रजिस्टर प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट तर कधीच करू नये. ते पुन्हा सोडवता येत नाही.

कागद भिजलाच तर? १२ जुलै १९६१ रोजी वेल्हे तालुक्यातले पानशेत धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला. अशा वेळी माणसे आधी, हे उघड आहे. पण कागदांच्या बाबतीतही घड्याळ चालू असते. बुरशी दोन-तीन दिवसांत दिसू लागते. म्हणून पाने ओढून सुटी करू नयेत, उन्हात वाळत घालू नयेत. वह्या सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात उभ्या करून मधे मधे टीपकागद घालावा आणि तो बदलत राहावा.

संगणकात घातले की झाले?

महाराष्ट्रात सातबारा आता संगणकावर मिळतो आणि जुन्या महसुली कागदांच्या प्रतिमाही घेतल्या गेल्या आहेत. याचा मोठा फायदा म्हणजे मूळ कागदाला वारंवार हात लागत नाही. पण प्रतिमेलाही कागदासारखीच निगा लागते. फ्लॉपीवर साठवलेली माहिती आज किती शाळांना वाचता येईल? म्हणून प्रती एकाहून अधिक आणि वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात, काही वर्षांनी त्या नव्या साधनावर उतरवाव्यात आणि प्रत बदललेली नाही याची खात्री करत राहावी.

ही खात्री कशी करतात? गट क्रमांक ३४७ घ्या. अंकांची बेरीज १४. कोणी चुकून ३७४ लिहिले तरी बेरीज १४ च. चूक पकडली जात नाही. आता पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने आणि तिसऱ्याला ३ ने गुणून बेरीज करा. ३४७ चे ३ + ८ + २१ = ३२. ३७४ चे ३ + १४ + १२ = २९. चूक सापडली! संगणक हेच काम फार मोठ्या आणि अवघड गणिताने करतो. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी येणारी संख्या बदलते.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. वर्तमानपत्राच्या एकाच पानाच्या दोन पट्ट्या कापा. एक खिडकीत उन्हात, एक वहीत ठेवा. दोन आठवड्यांनी रंग ताडून पाहा.

२. पट्टीचा कोपरा एकदा पुढे, एकदा मागे असा दुमडत राहा. किती घड्यांनंतर तुटतो ते मोजा. वर्तमानपत्र, वहीचा कागद आणि हातकागद यांची तुलना करा. अभिलेखागारांतही कागदाची ताकद अशीच घड्या मोजून ठरवतात, फक्त यंत्राने. (हा प्रयोग रद्दीवर करायचा, रजिस्टरावर नव्हे!)

३. मुलांना घरातल्या कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग करायला सांगा. शिधापत्रिका, विजेचे बिल, खरेदीखत, लग्नपत्रिका. प्रत्येक निर्णयाचे कारण लिहायला लावा. लग्नपत्रिकेवरून चांगला वाद होतो.

शेवटी पुन्हा आपल्या कपाटाकडे. जनरल रजिस्टर हा कायम ठेवायचा अभिलेख आहे. त्याच्या पहिल्या पानावर शाळेचे तेव्हाचे नाव, गाव, तालुका आणि ती कोणाच्या अखत्यारीत होती हे लिहिले आहे का? नसेल तर वेगळ्या कागदावर लिहून तो कागद सोबत ठेवावा, मूळ पानात भर घालू नये. पाने मोजलेली आहेत का? मोडी येणारे कोणी गावात असतील तर जुन्या पानांची सूची त्यांच्या मदतीने आजच करून घ्यावी. आणि आज नवी नोंद करताना जन्मतारीख अंकांत व अक्षरांत, सुवाच्य आणि टिकाऊ शाईने लिहावी. या तालुक्यांतली काही गावे धरणांच्या पाण्याखाली गेली, काहींचा तालुका बदलला, एका तालुक्याचे तर नावच बदलले. तेथल्या माणसाला आपण कोठले हे सिद्ध करायला बहुधा एक कागदच उरतो. तो कागद आपल्या कपाटात असू शकतो.